ॲबीच्या फ्रेमबाहेरची माणसं

विंडोजवरचा सॉलिटेअर आठवतोय? शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला सर बाहेर गेले की अर्धा वर्ग तोच उघडून बसायचा. एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव. भिडू नाही, प्रतिस्पर्धी नाही, चिडवायला कोणी नाही. पण पानं मात्र पूर्ण बावन्न लागतात. एडवर्ड ॲबीच्या 'डेझर्ट सॉलिटेअर'मध्येही खेळणारा एकच दिसतो. त्याने बाकीची पानं कुठे ठेवली, त्याबद्दल मला लिहायचंय.

पुस्तक 1968 सालचं. ॲबी 1956 आणि 1957 च्या उन्हाळ्यांत अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोॲब गावाजवळच्या आर्चेस उद्यानात हंगामी रेंजर होता. 1929 मध्ये अध्यक्ष हूवर यांनी या जागेला 'नॅशनल मॉन्युमेंट' जाहीर केलं होतं. 'नॅशनल पार्क' ती 1971 मध्ये झाली. सुमारे 310 चौरस किलोमीटर लाल वाळवंट आणि त्यात दोन हजारांहून जास्त नैसर्गिक दगडी कमानी. कमान कशाला म्हणायचं याचा नियमही ठरलेला आहे: कुठल्या तरी एका दिशेने किमान तीन फूट उघडं असेल तर ती कमान, नाहीतर नुसतं भोक. (मला असे नियम आवडतात. दोन फूट अकरा इंच भरल्यावर कोणीतरी टेप गुंडाळत निराश झालं असेल.) बॅलन्स्ड रॉक नावाच्या, डोक्यावर प्रचंड धोंडा तोलून उभ्या असलेल्या सुळक्याजवळ सरकारने दिलेल्या ट्रेलरमध्ये ॲबी राहायचा. कचरा उचलायचा, संडास नीट आहेत का बघायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा आणि उरलेल्या वेळात वह्या भरायचा. त्या वह्यांमधून दहाएक वर्षांनी हे पुस्तक झालं. उपशीर्षकात 'एक मोसम' असं आहे. प्रत्यक्षातले मोसम एकाहून जास्त, पण पुस्तकात एप्रिल ते सप्टेंबर असा एकच सलग उन्हाळा आहे.

आधी दगडांबद्दल, कारण तिथे ॲबीशी माझं काहीच भांडण नाही.

या कमानी वाऱ्याने कोरल्या असं बहुतेकांना वाटतं. पहिल्याच प्रकरणात ॲबी हे खोडून काढतो. पाणी, बर्फ, गोठणं, वितळणं आणि गुरुत्वाकर्षण, बस. भूगर्भशास्त्र आजही साधारण हेच सांगतं, फक्त गोष्ट बरीच खालून सुरू करतं. तीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन्हापुन्हा आटला आणि मागे हजारो फूट जाडीचं मीठ ठेवून गेला. त्यावर पुढच्या काळातला गाळ आणि वाळू साचत राहिली, दाबून दगड होत राहिली. पण मीठ हा काही भरवशाचा पाया नाही. दाब आला की ते ट्यूबमधल्या टूथपेस्टसारखं सरकतं. एका ठिकाणी दबलं, दुसरीकडे फुगलं, वरचे वालुकाश्माचे थर वाकले आणि त्यांना शेजारी-शेजारी, समांतर तडे गेले. नंतर पाणी खाली उतरलं, मीठ विरघळलं, मधली जमीन खचली. तड्यांमधून झीज होत होत उभ्या, पातळ भिंती उरल्या, कपाटात उभ्या लावलेल्या पुस्तकांसारख्या. मग या भिंतींच्या कमजोर जागी पाणी मुरतं, वाळूचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं. एक कपचा पडतो. काही वर्षांनी दुसरा. कधीतरी पलीकडचं आकाश दिसतं.

हे अजून चालू आहे. लँडस्केप आर्च ही जवळपास 290 फूट लांबीची, बघताना पोटात गोळा येईल इतकी बारीक कमान. 1991 च्या सप्टेंबरमध्ये तिच्या खालच्या बाजूचा साठेक फुटांचा कपचा कोसळला. खाली लोक विसावले होते. दगड कडकडायला लागल्यावर ते पळाले. तेव्हापासून कमानीखालची वाट बंद आहे. वॉल आर्च तर 2008 च्या ऑगस्टमधल्या एका रात्री अख्खीच पडली.

ॲबीचं मोठेपण असं की हे सगळं माहीत असूनही तो दगडासमोर गाइडसारखा उभा राहत नाही. सुरुवातीलाच तो एक पण करतो: जुनिपरचं झाड, गारगोटीचा तुकडा, गिधाड, कोळी जसे आहेत तसेच बघायचे. त्यांच्यावर माणसाचे गुण चिकटवायचे नाहीत, त्यांना माणसासारखं बोलायला लावायचं नाही. अर्थात हा पण तो चाळीसेक पानंही पाळत नाही. त्याच्या ट्रेलरखाली आलेला साप लवकरच पाहुणा होतो, मग भाडेकरू, मग जवळजवळ मित्र. पण मोडलेला पणही उपयोगी पडतो. पुढे जेव्हा जेव्हा तो उपमा वापरतो तेव्हा तिची किंमत आपल्याला कळत राहते. 'हत्तीसारखा दगड', 'प्रार्थना करणारे साधू' अशी नावं देत फिरणारं आपलं डोकं जरा गप्प बसतं.

रात्रीबद्दलची त्याची पानं मी कितीदा वाचली असतील. हातात टॉर्च असला की उजेडाच्या त्या लहान वर्तुळात आपण अडकतो. टॉर्च बंद केला तर कमी दिसतं, पण सगळीकडे दिसतं, असं त्याचं म्हणणं. एकदा पत्र लिहायला तो जनरेटर सुरू करतो. दिवा लागतो, इंजिनाची घरघर सुरू होते, आणि एवढी मोठी वाळवंटातली रात्र ट्रेलरच्या भिंतीबाहेर निघून जाते. पत्र संपवून जनरेटर बंद केल्यावर ती हळूहळू परत आत येते. हे पान मी पहिल्यांदा वाचलं ते अंथरुणात, दिवा मालवून, मोबाइलच्या स्क्रीनवर. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. दहा मिनिटं काळोखात पडून होते, मग चार्जर शोधला.

एकटं राहण्याबद्दलचं त्याचं एक निरीक्षण मराठी वाचकाला चटकन कळेल. ट्रेलरमध्ये बसून जेवताना त्याला एकटं वाटायचं, कारण भोवती माणसांनी बनवलेल्या वस्तू होत्या आणि त्या माणसांची आठवण करून द्यायच्या. जेवण उचलून बाहेर उघड्यावर आला की ते वाटणं जायचं. आपल्याकडे या दोन्हींसाठी वेगळे शब्द तयार आहेत, एकटेपणा आणि एकांत. ॲबीला तो फरक समजावून सांगायला परिच्छेद खर्च करावा लागतो. तो परिच्छेद सुंदर आहे, तरी.

आता भांडण. पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण म्हणजे 'पोलेमिक', म्हणजे सरळ वादासाठी लिहिलेलं. विषय: औद्योगिक पर्यटन आणि राष्ट्रीय उद्यानं. सुरुवातीला एका संध्याकाळी जीपमधून रस्त्याची आखणी करणारे इंजिनिअर येतात, ॲबीकडे पाणी मागतात आणि उत्साहाने सांगतात की इथे आता चांगला डांबरी रस्ता होणार, लोक दसपट, वीसपट येणार. प्रकरणाच्या शेवटी ॲबी चांदण्यात त्यांच्या आखणीवर चालत जातो आणि त्यांनी ठोकलेल्या खुंट्या उपटून टाकतो. या दृश्यावर पिढ्यान्‌पिढ्या टाळ्या पडल्या आहेत. मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, मला त्या सर्व्हेवाल्यांचीच कीव येते. पुन्हा मापं घ्यायला उन्हात ते उभे राहिले असणार, खुंट्या उपटणारा नाही. आणि रस्ता झालाच. 1958 पासून गाड्या डांबरावरून आत येऊ लागल्या. 2021 मध्ये या उद्यानात 18 लाखांहून जास्त लोक आले. पार्किंग भरलं की गेटच बंद करावं लागे. शेवटी 2022 मध्ये गर्दीच्या महिन्यांसाठी आत शिरायची वेळ आधी ऑनलाइन राखून ठेवायची पद्धत आली. वाळवंट बघायला स्लॉट बुक करावा लागे, आपल्याकडच्या तत्काळ तिकिटासारखा, मिनिटाला डोळे लावून.

म्हणजे ॲबीचं भाकीत खरं ठरलं. त्याचा उपायही वेडगळ नव्हता: उद्यानांत खाजगी गाड्या बंद करा, नवे रस्ते थांबवा, लोकांना चालू द्या, सायकली द्या, घोडे द्या, लांबच्यांसाठी बस ठेवा. याच युटा राज्यातल्या झायन उद्यानात 2000 सालापासून मोसमात मुख्य दरीत गाड्यांऐवजी बसच धावते, आणि ती व्यवस्था चालते.

मग हरकत कशाला आहे? त्याच प्रकरणात ॲबी एका आक्षेपाला उत्तर देतो: म्हाताऱ्यांचं काय, लहान मुलांचं काय, ज्यांना चालता येत नाही त्यांचं काय? मुलांना पुढे आयुष्य पडलंय, असं तो म्हणतो, आणि म्हाताऱ्यांना तरुणपणी संधी होती, ती त्यांनी घेतली नाही. हे तो गंमतीत, दात दाखवत लिहितो. पण युक्तिवाद म्हणून त्याच्याकडे खरंच एवढंच आहे.

माझी आई गेल्या वर्षी साताऱ्याहून आली तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. तरुणपणी तिला युटात जायची संधी होती आणि तिने ती घेतली नाही, असं तिला सांगून बघायला हवं. दोन्ही गुडघे गेलेले. डेन्व्हरपासून सहा तास गाडीने आम्ही तिघं मोॲबला पोचलो. डेलिकेट आर्चची वाट जाऊन-येऊन तीन मैल, बराच भाग उघड्या कातळावरचा चढ, सावली नाही. ती शक्यच नव्हती. खालच्या बाजूला एक जागा आहे, गाडीतून उतरून शंभरेक पावलांवर. तिथून मैलभर दूर उंचावर ती कमान दिसते, फुटलेल्या बांगडीच्या तुकड्याएवढी. आईने ती बघितली, "अच्छा, ही होय" म्हणाली.

तिला जास्त गुंतवलं ते वाटेच्या सुरुवातीला असलेल्या लाकडी खोपटाने. जॉन वेस्ली वुल्फ नावाचा माणूस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ओहायोहून मोठ्या मुलाला घेऊन इथे राहायला आला. अमेरिकन यादवी युद्धात त्याचा पाय जायबंदी झाला होता आणि कोरड्या हवेत बरं वाटेल अशी आशा होती. 1906 मध्ये त्याची मुलगी, जावई, नातवंडंही आली. मुलीसाठी त्यांनी लाकडी जमीन असलेलं हे खोपट बांधलं. 1910 मध्ये सगळे परत ओहायोला गेले. आई दारातून आत डोकावून बराच वेळ उभी होती. मग तिने विचारलं, "पाणी कुठून आणत असतील गं ही बाई?" ॲबीने पाण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय, पाण्याची टंचाई म्हणणाऱ्यांना झापणारं. वाळवंटात जितकं हवं तितकंच पाणी असतं, असा त्याचा मुद्दा. तो बरोबरही आहे. पण हंडा कोण उचलत होतं हा प्रश्न त्यात नाही. तो माझ्या आईला पहिल्या मिनिटात सुचला.

पाय अधू असलेला म्हातारा सैनिक या वाळवंटात वर्षानुवर्षं राहिला. त्याच्या खोपटापासून थोड्या अंतरावर, त्याच वाटेवर, यूट लोकांनी कातळात कोरलेलं चित्र आहे: घोड्यांवरचे स्वार आणि मोठ्या शिंगांच्या मेंढ्या. घोडे आहेत म्हणजे स्पॅनिश लोक आल्यानंतरचं. डेलिकेट आर्चकडे जाणारा प्रत्येक जण या दोन्हींजवळून जातो आणि बहुतेक जण परतताना बघू म्हणून पुढे सटकतात, कारण सूर्यास्ताची वेळ गाठायची असते.

मीही गेले, दुसऱ्या दिवशी, एकटी. वर काय दिसतं ते इन्स्टाग्रामवर पाहिलंच असेल: लाल कातळाच्या वाडग्याच्या काठावर एकटी उभी कमान, मागे बर्फाचे डोंगर, खाली एक चिमुकला माणूस किंवा तोही नाही. फोटोत जे नसतं ते असं: वाडग्याच्या कडेने बसलेली शंभरएक माणसं, ट्रायपॉड, खाऊची पाकिटं, कमानीखाली उभं राहायला लागलेली रांग, आणि कोणी जास्त वेळ थांबलं की मागून येणारी हाक. प्रत्येकाला बारा सेकंदांचा एकांत. माझ्याही फोनमध्ये तसाच फोटो आहे, कोणी नसलेला.

'डेझर्ट सॉलिटेअर' पुन्हा वाचताना मला त्या रांगेची आठवण होत राहिली. ॲबीच्या चरित्रकारांनी नोंदवलंय की आर्चेसमधल्या त्याच्या दिवसांपैकी काही काळ त्याची बायको रीटा आणि तान्हा मुलगा तिथे त्याच्याजवळ होते. पुस्तकात ते नाहीत. ट्रेलर रिकामा, टेबलावर एकच ताट. आत्मपर लेखनात काय गाळायचं हा लेखकाचा हक्क, हे मान्य. 'रॉक्स' प्रकरणात युरेनियम शोधणाऱ्या कुटुंबाची जी गोष्ट येते तीही उघडच कथा म्हणून रचलेली आहे आणि मला ती आवडते. पण इथे गाळलेली गोष्ट पुस्तकाच्या नावातच बसलेली आहे. ज्या एकांताच्या जोरावर तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना गाडीतून उतरा म्हणून दटावतो, त्या एकांतात घरातलं बाळ रडत होतं. मला तर बाळासह असलेलं पुस्तक जास्त आवडलं असतं. सापाला ट्रेलरखाली ठेवून घेणारा माणूस आणि वर रांगणारं पोर, हे त्याने लिहिलं असतं तर केवढं मजेदार आणि धास्तीचं झालं असतं!

आणि एकदा गाळायची सवय लागली की कोण कोण गाळलं जातं? प्रवासी त्याच्या पुस्तकात बहुतेक वेळा मूर्ख प्रश्न विचारायलाच येतात. नवाहो लोकांच्या गरिबीवर तो सहानुभूतीने लिहायला घेतो आणि थोड्याच वेळात त्यांच्या वाढत्या लोकसंख्येच्या हिशोबावर येऊन पोचतो. माणसं आकड्यांत दिसायला लागली की पुढचा रस्ता उताराचा असतो. 1980 च्या दशकात याच ॲबीने दक्षिणेकडून अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांविरुद्ध निबंध लिहिला, त्यांच्या संस्कृतीबद्दल तुच्छतेने. वाळवंट रिकामं राहावं या इच्छेपासून देश रिकामा राहावा या इच्छेपर्यंत तो फार न अडखळता पोचला. माझ्या पासपोर्टमध्ये दर काही वर्षांनी नवा व्हिसा चिकटतो. त्यामुळे हा निबंध मला नुसता 'लेखकाचा कालबाह्य विचार' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. 1968 च्या पुस्तकात त्याची मुळं शोधत मी परत गेले आणि ती सापडतात. पर्यटकांवरच्या विनोदांत सापडतात.

हे टाळता येत नाही असं नाही. मारुती चितमपल्लींची जंगलावरची पुस्तकं आठवा. तेही सरकारी नोकरीतले, वनखात्याचे, आणि एकांत त्यांनाही हवासा. पण त्यांच्या रानात पक्ष्याचं स्थानिक नाव सांगणारा, पाऊलवाट दाखवणारा, एखादी समजूत ऐकवणारा कोणीतरी सतत असतो. त्यांचं बरंचसं ज्ञान त्या माणसांकडून आलंय आणि ते तसं लिहितात. त्याने जंगल कमी होत नाही. उलट ॲबीच्या गद्यात जो ताव आहे, जी शिवराळ मस्ती आहे, ती चितमपल्लींकडे नाही, हेही खरं. दोघांपैकी एकालाच बरोबर न्यायचं असेल तर मी चितमपल्लींना नेईन, आणि रात्री तंबूत ॲबी वाचेन.

कारण वाचायला तो लागतोच. एका प्रकरणात हरवलेल्या पर्यटकाचा शोध घेताना मृतदेह सापडतो. तिथे ॲबी आधी कोरडा, जवळजवळ निर्दय वाटतो, आणि मग तो आपली नजर वर वर नेत गिधाडाच्या उंचीला नेतो; प्रेत उचलून नेणारी माणसं मुंग्यांएवढी होतात, तोही त्यांच्यातलाच एक. स्वतःला एवढं लहान करून बघणारा लेखक इतर पानांवर इतका मोठ्याने का बोलतो, हे मला कोडं वाटतं.

आणि 'डाउन द रिव्हर'. पुस्तक घेतलंत तर पहिल्या प्रकरणानंतर थेट यावर जा, 'पोलेमिक' नंतर वाचा. यात ॲबी एका मित्राबरोबर रबराच्या होड्यांतून ग्लेन कॅन्यनमधून जातो, तिथे धरण होणार हे माहीत असताना. दोघं मिळून मासे तळतात, घाणेरडे विनोद करतात, एकमेकांना पाण्यात पडताना बघतात. इथे तो एकटा नाही आणि पुस्तकातली सर्वांत चांगली पानं इथेच आहेत. 1963 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि ती दरी पॉवेल सरोवराखाली गेली. 2023 च्या सुरुवातीला, दुष्काळाच्या कित्येक वर्षांनंतर, पाणी धरण भरल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीला आलं होतं. बाजूच्या घळींमधल्या बुडालेल्या भिंती उघड्या पडल्या, त्यांच्यावर पाण्याने ठेवलेला पांढरा पट्टा घेऊन. लोक होड्या घेऊन बघायला गेले, त्यांनी फोटो काढले. त्यांतल्या काही फोटोंत माणसंही आहेत.